समुद्रकाठचे वस्त्र आणि कळंबचे ऊन

कळंब हे काही समुद्राचे गाव नव्हे. नकाशावर सरळ रेघ ओढली तरी कोकणचा किनारा इथून दीडशे किलोमीटरांच्या पलीकडे राहतो, आणि मध्ये सह्याद्री आडवा उभा. आमच्याकडे पाणी येते ते कालव्याने. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या दुष्काळी पट्ट्यात ऊस उभा राहिला. पुढे १९३० च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या शिवारात साखरेचा कारखाना काढला, आणि गावाला लागून वालचंदनगर वसले. ऊस, धुराडे आणि कालवा हीच आमची ओळख. अशा गावातल्या माणसाने पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटाच्या वस्त्राविषयी बोलावे, हे तुम्हांला थोडे गमतीचे वाटेल.

पण गंमत क्षणभर बाजूला ठेवू या, कारण प्रश्न पोटाचा आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कपड्यांचे कारखाने आल्यापासून आमच्या भागातल्या पुष्कळ बायका शिवणाच्या मशीनवर बसू लागल्या. चांगली गोष्ट झाली. तरी पाहा, त्या कामात कापड दुसऱ्याचे, नक्षी दुसऱ्याची, बेतलेला तुकडाही दुसऱ्याचाच. आपली काय ती शिलाई. तेव्हा शिवण शिकलेल्या आमच्या मुलींच्या मनात आता निराळा विचार येतो. गोव्याला सहलीला जाऊन आलेली एखादी मुलगी तिथले ते मोठमोठ्या फुलांचे, समुद्रकाठी कमरेला गुंडाळायचे कापड घेऊन येते, उलटसुलट करून पाहते आणि विचारते, "सर, यात शिवण तर काहीच नाही. आहे ती सगळी छपाई. मग हे आपल्याकडे का होऊ नये?"

मी अर्थशास्त्राचा शिक्षक; रंगारी नव्हे. परंतु प्रश्न असा आहे की त्यात इतिहास आहे, रसायन आहे, हिशेब आहे आणि शेवटी थोडा नीतीचाही भाग आहे. त्याच क्रमाने आपण जाऊ.

प्रथम हे वस्त्र म्हणजे काय ते समजून घेऊ. ताहितीच्या भाषेत त्याला 'परेउ' म्हणतात. युरोपात गेल्यावर त्याचे 'पारेओ' झाले. साधारण पावणेदोन ते दोन मीटर लांब आणि मीटर-सव्वा मीटर रुंद असा हा आयताकृती तुकडा. त्याला ना बाही, ना गळा, ना बटण. कमरेला गुंडाळा, छातीवर गाठ मारा, खांद्यावरून घ्या, नाहीतर वाळूवर अंथरा. आपल्या मराठीने या बाबतीत एक मोठा सूक्ष्म भेद करून ठेवला आहे. शिवलेला कपडा आपण 'घालतो' आणि न शिवलेला 'नेसतो'. सदरा घालायचा, धोतर नेसायचे. परकर घालायचा, लुगडे नेसायचे. या कसोटीला लावले तर परेउ हा नेसायचा आहे. म्हणजे तो आपल्या लुंगी-पंचाच्या आणि लुगड्याच्याच कुळातला. कापड कापून अंगाला बसवायचे नाही, तर अंगाभोवती कापड बसवायचे, हा विचार आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता हे कापड मुळात कुठले? ताहितीत कापसाचे सूत विणण्याची चाल नव्हती. तिथले जुने वस्त्र झाडाच्या आतल्या सालीचे. कागदी तुतीची किंवा नीरफणसाची साल भिजवायची, लाकडी मोगरीने बडवून बडवून पातळ आणि रुंद करायची. त्या सालवस्त्राला जग 'तापा' म्हणून ओळखते. कॅप्टन जेम्स कुक ३ जून १७६९ रोजी सूर्यबिंबावरून जाणारा शुक्र पाहण्यासाठी ताहितीत होता. त्याच्या बरोबरचा निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने या सालवस्त्राची आणि त्याच्या रंगाची हकीकत टिपून ठेवली आहे. तिथला लाल रंग दोन झाडांपासून होई. एक उंबराच्या जातीचे झाड, त्याचे फळ. दुसरे आपल्या भोकराच्या जातीचे, त्याचे पान. दोहोंपैकी एकही स्वतः लाल नाही. दोन्ही एकत्र चोळली की लाल उठतो. विडा खाणाऱ्याला हे समजावून सांगायला नको: पान हिरवे, चुना पांढरा, आणि काताची गाठ पडली की तोंड लाल!

या लाल रंगात नेच्याचे पान किंवा फूल बुडवायचे आणि सालवस्त्रावर दाबून उचलायचे. झाला ठसा. म्हणजे पहिला ठसा कोरलेला नव्हता, तो झाडावरून तोडलेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे आपल्याला ती उपयोगी पडणार आहे.

पुढे युरोपीय जहाजे आली, त्यांच्याबरोबर सुती कापड आले आणि एकोणिसाव्या शतकात सालवस्त्र मागे पडले. १८९१ साली फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ ताहितीला गेला. त्याच्या चित्रांतल्या बायका लाल-निळ्या जमिनीवर पांढऱ्या-पिवळ्या फुलांचे जे कापड नेसलेल्या दिसतात, ते आपण 'अस्सल ताहिती' म्हणून पाहतो. वस्तुतः ते गिरणीचे कापड, मँचेस्टरसारख्या शहरांत बेटांच्या बाजारासाठी छापून जहाजाने पाठवलेले. आवड तिथल्या लोकांची आणि छपाई सातासमुद्रापलीकडची, अशी ती जोडी होती.

आणि मँचेस्टर तरी ही विद्या कुठून शिकले? इथे आपला संबंध येतो. सुती कापडावर पक्का, धुतला तरी न जाणारा फुलांचा रंग चढवण्याची हातोटी हिंदुस्थानच्या रंगाऱ्यांकडे होती. तुरटीची खळ करून नक्षी काढायची, मग कापड मंजिष्ठासारख्या मुळांच्या रंगात उकळायचे; तुरटी लागली असेल तिथेच लाल धरतो, बाकीचा धुऊन निघतो. या कापडाला आपण 'चीट' म्हणतो. आजीच्या तोंडी चिटाची चोळी, चिटाची गोधडी हे शब्द तुम्ही ऐकले असतील. इंग्रजीतला 'चिंट्झ' हा शब्द याच आपल्या चीट-छींटीपासून झाला. सतराव्या शतकात या चिटाने युरोपला असे वेड लावले की तिथल्या लोकर-रेशीमवाल्यांची झोप उडाली. फ्रान्सने १६८६ साली या कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७०१ मध्ये आयात अडवली आणि १७२१ मध्ये असे छापील सुती कापड वापरणेच गुन्हा ठरवला. तो कायदा उठला १७७४ मध्ये. तेवढ्या अवधीत त्यांनी आपली विद्या उचलली, आणि १७८३ साली टॉमस बेल नावाच्या माणसाने तांब्याच्या कोरीव रुळाने कापड छापण्याचे पेटंट घेतले. ठसा मारणारा हात मागे राहिला, रूळ धावू लागला.

म्हणजे फेरा पाहा: मच्छलीपट्टण-सुरतची विद्या युरोपात गेली, युरोपातून फुलांचे कापड ताहितीला गेले, ताहितीतून ते 'बेटांची नक्षी' म्हणून पुन्हा जगभर पसरले. होनोलुलूच्या एलरी चन या व्यापाऱ्याने १९३६ मध्ये 'अलोहा' हे नाव नोंदवून फुलाफुलांचे सदरे विकले. १९४६ साली पॅरिसच्या लुई रेआर याने पोहण्याचा दोन तुकड्यांचा पोशाख काढला. त्याला नाव दिले पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटाचे, जिथे त्याच महिन्यात अणुबाँबची चाचणी झाली होती. पाण्यातून बाहेर आल्यावर अंगाभोवती घ्यायला एक हलके कापड हवे, ती जागा पारेओने घेतली आणि आजवर सोडलेली नाही.

आपल्या किनाऱ्यालाही समुद्रावरून आलेले नेसू अगदीच परके नाही. गोव्यात मांडो नाचाच्या वेळी ख्रिस्ती स्त्रिया 'पानो-भाजू' हा पोशाख करतात. त्यातला पानो म्हणजे कमरेला गुंडाळायचे वस्त्र. आग्नेय आशियातल्या बेटांच्या सारोंगशी त्याचे नाते आहे, आणि 'भाजू' हा शब्द तर मलय भाषेतलाच. दिवंगत वेशकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी गोव्याच्या पोशाखांवरच्या २०१२ च्या आपल्या ग्रंथात या सगळ्याची नोंद केली आहे. तेव्हा 'हे आपले नव्हे' असे म्हणून कोणी नाक मुरडू नये. कापडाला पासपोर्ट नसतो.

इतिहास झाला. आता आपल्या महाराष्ट्रात नक्षीचे काम कोणी आणि कसे केले, तेही थोडे पाहू. मुंबईच्या गिरण्यांत सूत आणि विणकाम यांच्याबरोबर छपाईची आणि डिझाइनची खाती होती. जे. जे. कलाशाळेत शिकलेले कितीतरी तरुण तिथे कागदावर फुले काढून पोट भरीत. खटाव गिरणीचे छापील वॉयल एके काळी घरोघर पोचले होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर बहुतेक गिरण्यांची रया गेली ती गेलीच. माणसांची हानी आपण बोलून दाखवतो. पण नक्षीची जी एक परंपरा त्या खात्यांबरोबर विस्कटली, तिचा हिशेब कोणी फारसा मांडत नाही.

दुसरी परंपरा सरकारी होती. १९५६ साली मुंबईत विणकर सेवा केंद्र निघाले. कल्पना अशी की चित्रकाराने विणकराच्या शेजारी बसावे. आपले प्रभाकर बरवे हे श्रेष्ठ चित्रकार १९६१ पासून दोन दशके या केंद्रांत, आधी वाराणसीला आणि मग मुंबईत, नोकरीला होते. एवढा मोठा चित्रकार कापडाच्या नक्षीला कमी समजला नाही. आमच्या मुलींना मी हेच सांगतो: नक्षी काढणे हा शिवणकामाचा शृंगार नव्हे, ते स्वतंत्र काम आहे आणि त्याचा स्वतंत्र दाम आहे.

आता प्रत्यक्ष उद्योगाकडे वळू.

कापड कुठले घ्यावे? समुद्रकाठचे वस्त्र भिजणार, वाळणार, पिशवीत कोंबले जाणार. तेव्हा ते हलके हवे, लवकर वाळणारे हवे आणि अंगाला मऊ लागणारे हवे. सुती वॉयल, मलमल किंवा रेयॉन ही तीन कापडे चालतात. रेयॉनची झळाळी आणि पडण चांगली, परंतु ओले झाले की ते नाजूक होते. सुरुवात सुती कापडाने केलेली बरी. बाजारात चव्वेचाळीस-पंचेचाळीस इंच पन्ह्याचे कापड सहज मिळते. त्यातून १.८ मीटरचा एक तुकडा धरला तर शंभर मीटरच्या ताग्यातून पंचावन्न नग निघतात. छापण्याआधी कापडाची खळ पूर्ण काढली पाहिजे. कोरे कापड थेंब टाकून पाहावे; थेंब तसाच मोत्यासारखा उभा राहिला तर खळ आहे, लगेच पसरला तर कापड छपाईला तयार आहे.

नक्षीचे नियम थोडे पण पक्के आहेत. ताहितीच्या पद्धतीत जमीन एका रंगाची, गडद. तिच्यावर फुलेपाने मोठी, हातभर. रंग दोन, फार तर तीन. बारीक बुट्टी इथे कामाची नाही, कारण हे वस्त्र लांबून, उन्हात, वाऱ्यावर फडफडताना पाहिले जाते. शिवाय ते नेसले की चुण्या पडतात, आणि चुण्यांत लहान नक्षी हरवते. दोन्ही कडांना काठ असेल तर गाठ मारल्यावर तो खाली छान दिसतो. हे तर लुगडे नेसणाऱ्या समाजाला सांगायलाच नको.

फुले कोणती? इथे एक मौजेची गोष्ट सांगतो. ताहितीच्या नक्षीत जास्वंद असते. ती आपल्या गणपतीच्या पूजेतली. 'तिआरे' नावाचे पांढरे सुवासिक फूल असते. ते आपल्या परसातल्या अनंताचे सख्खे भावंड. नीरफणसाचे कातरलेले मोठे पान असते. कोकणात ते झाड ओळखीचे आहे. आणि चाफा तर तिथेही पाहुणा आणि इथेही पाहुणाच, कारण तो मूळचा अमेरिकेतला. म्हणजे झाडे बहुतेक ओळखीची निघाली. तरीसुद्धा माझे म्हणणे असे की ताहितीची नक्षी पुस्तकातून उतरवून घेऊ नये. रीत घ्यावी, नक्षी आपली काढावी. मोठी फुले, मोकळी जमीन, दोन रंग ही रीत. तिच्यात पपईचे पान बसवून पाहा. ते नीरफणसाइतकेच डौलदार आहे. उसाचा तुरा बसवून पाहा. आणि आपल्याच इंदापूर तालुक्यात, १९८० मध्ये पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला दर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. लांब मान, गुलाबी पंख, पाण्यातली त्यांची रांग! समुद्रकाठच्या वस्त्राला याहून शोभणारे चित्र कुठले मिळणार?

आता छपाईच्या तीन वाटा. पहिली वाट स्क्रीनची. लाकडी किंवा लोखंडी चौकटीवर ताणलेली जाळी. नक्षी सोडून बाकी जागा बंद केलेली. वरून रबराच्या पट्टीने रंगाची खळ ओढायची. एका रंगाला एक स्क्रीन. टेबल लांब, वर जाड नमद्याची गादी, कापड ताणून टाचलेले. दोन रंगांची नक्षी जुळली नाही तर फूल एकीकडे आणि पाकळ्यांची रेघ दुसरीकडे जाते. म्हणून टेबलाच्या कडेला खुणेचे थांबे लावतात. हे कौशल्याचे काम आहे, पण महिना-दोन महिन्यांत हात बसतो.

या स्क्रीनमधून दोन प्रकारचे रंग छापता येतात. एक 'रिॲक्टिव्ह' रंग, जे १९५६ साली बाजारात आले. हे रंग सुताशी रासायनिक गाठच मारतात, म्हणून झळाळी उत्तम आणि हाताला कापड मऊचे मऊ. खळ मात्र पिठाची चालत नाही, कारण पीठही सुताच्याच गणगोतातले. रंग त्याच्याशीच गाठ मारून बसतो. त्यासाठी समुद्रशेवाळापासून केलेली अल्जिनेटची खळ लागते. जोडीला धुण्याचा सोडा आणि युरिया. होय, आपण उसाला घालतो तोच युरिया. तो ओल धरून ठेवतो. परंतु अडचण अशी की सगळा रंग सुताला लागत नाही. काही भाग पाण्याशीच संग करून वाया जातो, आणि तो थंड पाण्यात, मग उकळत्या साबणाच्या पाण्यात धुऊन काढावाच लागतो. नाहीतर पहिल्या लाटेबरोबर गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या टॉवेलवर आपले फूल उमटेल.

दुसरा प्रकार 'पिगमेंट' रंगांचा. हे सुताशी गाठ मारत नाहीत; एका चिकट द्रव्याने कापडावर चिकटतात आणि उष्णतेने पक्के होतात. धुण्याची दगदग जवळजवळ नाही. पण फार लावले तर कापड ताठ होते आणि घासल्यावर रंग थोडा जातो.

तिसरी वाट मला आमच्या गावासाठी सर्वांत योग्य वाटते. ताहिती आणि शेजारच्या मोरेआ बेटावर आज हाताने जे परेउ रंगवतात, त्यांत ती वापरतात. कापड ओले करून पसरायचे, पातळ केलेला पिगमेंट रंग कुंचल्याने भरायचा, आणि तो ओला असतानाच वर खरी पाने-फुले दाबून ठेवून कडक उन्हात वाळू द्यायचे. वाळल्यावर पाने उचलली की खाली त्यांची फिकट, रेखीव आकृती उमटलेली दिसते. पुष्कळांना वाटते की उजेडाने रंग बदलला. तसे नाही. उघड्या भागातले पाणी आधी वाळते. तो भाग पानाखालच्या ओल्या भागातले पाणी आपल्याकडे ओढतो, आणि पाण्याबरोबर रंगाचे कणही ओढले जातात. म्हणून पानाखालची जागा फिकी राहते. दिव्याच्या वातीत तेल चढते, तोच हा प्रकार. म्हणूनच ऊन कडक हवे, वारा मंद हवा आणि पान कापडाला घट्ट चिकटलेले हवे. मग उलट बाजूने गरम इस्त्री काही मिनिटे फिरवली की रंग पक्का.

जुन्या सालवस्त्रावर नेच्याचे पान दाबणाऱ्या बाईची आठवण झाली ना? तीच विद्या निराळ्या रंगात परत आली आहे. ना स्क्रीन, ना वाफेची पेटी, ना मोठे भांडवल. लागते ते सपाट जागा, झाडांची पाने आणि ऊन. मार्च ते मे या तीन महिन्यांत कळंबला कशाची वाण असेल, पण उन्हाची नाही! शिवाय एकासारखा दुसरा नग होत नाही. आणि गिरणीच्या मालाच्या शेजारी उभे राहायचे तर लहान उद्योगाला हाच मोठा आधार. पावसाळ्यात मात्र काम बंद, हे आधीच हिशेबात धरा. गोव्याचा हंगाम ऑक्टोबरपासून भरतो. म्हणजे उन्हाळ्यात छापायचे, पावसाळ्यात कडा शिवून घड्या घालायच्या, दसऱ्याला माल बाहेर. शेतीसारखेच हेही ऋतूवर चालणारे काम आहे.

विकण्याआधी परीक्षा करा. प्रयोगशाळेत रंगाचा उन्हातला टिकाऊपणा १ ते ८ या श्रेणीत आणि धुण्यातला १ ते ५ या श्रेणीत मोजतात. मोठी मागणी आली तर तो दाखला लागेलच. पण पहिली परीक्षा घरीच होते. छापलेल्या पट्टीचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून ती दोन आठवडे उन्हात ठेवा. पुठ्ठा काढल्यावर रेघ दिसली तर रंग बदला. एक लिटर पाण्यात तीस ग्रॅम मीठ घालून, नक्षीला पांढरे कापड टाचून रात्रभर भिजवा. पांढऱ्यावर डाग आला तर माल बाहेर काढू नका. आणि रंग घेताना स्वस्ताई पाहू नका. शरीराला घातक द्रव्ये सोडणाऱ्या काही ॲझो रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये आणि भारताने १९९७ मध्ये बंदी घातली आहे. हे वस्त्र उघड्या, ओल्या, घामेजलेल्या अंगाला लागणार आहे, हे विसरून चालणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे बोलतो. कापडाच्या धुण्या-रंगण्याला किलोमागे शंभर लिटरच्या आसपास पाणी लागते, असा सर्वसाधारण हिशेब आहे. आपला एक परेउ दीडशे ग्रॅमचा धरला तर पंधरा लिटर. पंचावन्न नगांच्या एका ताग्याला आठशे लिटरांहून अधिक. हे पाणी येते कुठून? त्याच कालव्यातून आणि विहिरींतून, ज्यावर ऊस, जनावरे आणि आपली घागर अवलंबून आहे. आणि जाते कुठे? राजस्थानात पाली गावी कापडरंगाचा मोठा धंदा उभा राहिला, आणि त्या रंगीत, खारट पाण्याने बांडी नदीची आणि काठच्या विहिरींची, शेतांची जी दशा झाली, तिचा खटला न्यायाधिकरणापर्यंत गेला. धंदा देणारी आणि पाणी घेणारी गोष्ट एकच असू शकते. आमच्या भागाने अति पाण्याने खारावलेल्या जमिनी आधीच पाहिल्या आहेत. रंगाच्या सांडपाण्याने त्यात भर घालण्याची गरज नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. रिॲक्टिव्ह रंगांची छपाई कळंबला घरोघर करू नये. ती करायची तर सांडपाण्याची शुद्धी होणाऱ्या ठिकाणी, सर्वांनी मिळून, परवानगी घेऊन करावी. तोवर तेवढे काम बाहेरून करून घ्यावे. घरी, अंगणात, गच्चीवर करायचे ते उन्हाच्या छपाईचे काम. त्यातही भांडी आणि कुंचले धुतलेले पाणी मोरीत सोडू नये. ते एका टाकीत साठू द्यावे, वाळू द्यावे, आणि उरलेला गाळ वेगळा ठेवावा. एवढी शिस्त ज्यांना जड वाटते, त्यांनी या धंद्यात पडू नये.

दुसरी नीतीची गोष्ट नावाची. आपण छापलेले कापड 'अस्सल ताहिती' म्हणून विकणे हे खोटे बोलणे होईल. मँचेस्टरने एके काळी आपली चीट आपल्यालाच विकली, तेव्हा आपल्याला काय वाटले ते आपण इतिहासात वाचतो. तसे आपण त्या बेटांच्या लोकांशी का वागावे? चिठ्ठीवर स्वच्छ लिहावे: ताहितीच्या रीतीने छापलेले, कळंब, तालुका इंदापूर. नक्षी खरोखर आपली असेल, तर आपल्या देशात २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली तिची नोंद करता येते; दहा वर्षे आणि पुढे आणखी पाच असे संरक्षण मिळते. पण नोंदणीला गेलेली नक्षी आधी बाजारात उघडी पडलेली नसावी. म्हणजे आधी नोंद, मग प्रदर्शन.

शेवटी एक हिशेब मांडतो, म्हणजे हवेतले बोलणे नको. पहिल्या वर्षी एकच तागा घ्या. पंचावन्न नगांपैकी पाच परीक्षेत आणि शिकण्यात जातील असे धरा. उरलेले पन्नास विकताना कापड, रंग, इस्त्रीची वीज, कडेची शिवण आणि पाठवणी यांची रोजची नोंद वहीत ठेवा. आणि त्या वहीत एक रकाना असा ठेवा, जो आपल्या बायका कधीच ठेवत नाहीत: स्वतःच्या श्रमाचा. चार तास काम केले तर चार तासांची मजुरी लिहा. मग जी किंमत येईल, ती खरी. त्या किमतीला माल जात नसेल तर धंदा चालत नाही असे समजा. आपली मजुरी वजा करून तो 'चालतो' असे म्हणू नका. घरातल्या बाईचे श्रम फुकट धरून उभे राहिलेले उद्योग आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांत आणखी एकाची भर नको.

ताहितीच्या बाईने पान तोडले, रंगात बुडवले, कापडावर दाबले. तिला रूळ माहीत नव्हता, बाजारभाव माहीत नव्हता. पान मात्र नीट पाहिलेले होते. आपल्याकडे आज रंग आहेत, इस्त्री आहे, गोव्याला जाणारी गाडी आहे. येत्या उन्हाळ्यात एक जुना धुतलेला पांढरा पंचा, थोडा रंग आणि परसातले पपईचे एक पान घेऊन दुपारी गच्चीवर करून पाहा. फार खर्च नाही. पान उचलल्यावर खाली काय उमटते ते पाहिलेत, की हे काम आपल्याला जमण्यासारखे आहे की नाही, हे मला विचारायची तुम्हांला गरज उरणार नाही.